पाण्याच्या रकान्यात

दुसरी वाटी अर्धी झाली होती, तिसरी मागायच्या बेतात होते, तेवढ्यात माझी जीभ थांबली. हात थांबला नाही, घोट थांबला नाही, नुसती जीभ. समोर जिपार दाराच्या बाजूला, सुनेने बसायच्या जागी, एक गुडघा मुडपून बसली होती. उजव्या हाताशी किटली, आणि खिडकीतून मार्चचं लख्ख ऊन थेट तिच्या बोटांवर पडलेलं. चहा चांगला होता. इतका चांगला की आल्यापासून मी धड एक वाक्य न बोलता दीड वाटी पोटात ढकलली होती. चौथा मजला, लिफ्ट बंद, पायऱ्या चढून घसा कोरडा पडलाय म्हणून गोड लागतोय, असं मी मनाशी म्हणत होते. आणि मग घोट खाली उतरल्यावर जिभेच्या कडांना जे मागे राहतं ते राहिलं. मीठ. चहाबरोबर, दुधाबरोबर रीतसर उकळलेलं मीठ. मी वाटीकडे बघितलं. पिवळट साय, काठाला निळी नक्षी, बाकी काही नाही. एकवीस वर्षं मी हृदयाच्या वॉर्डात नर्स आहे, आणि मीठ हा शब्द दिवसातून चाळीस वेळा उच्चारायचा मला पगार मिळतो. मी वाटी खाली ठेवली.

आतल्या खोलीत झूराकान अपा चार उशांना टेकून बसल्या बसल्या डुलकी घेत होत्या. जिपारच्या सासूबाई. वय एकाहत्तर, हृदय थकलेलं, पायांत पाणी. थंडी पडायला लागल्यापासून तीनदा त्या आमच्याकडे आल्या. दर वेळी ओठ निळे, छातीत घरघर, दर वेळी आम्ही इंजेक्शनं देऊन पाणी उतरवलं आणि आठ-दहा दिवसांनी घरी पाठवलं. गेल्या खेपेला डॉक्टर म्हणाले की चौथ्यांदा अशाच आल्या तर मला काही सांगता येणार नाही. मग मला म्हणाले, अनीपा, तू एकदा घरी जा, तिथे काय चाललंय ते बघ आणि मला लिहून दे. म्हणून मी आले होते. पिशवीत फॉर्म होता. अपांचा मुलगा मेदेर आणि मुलगी कुमुश दुपारी एकला येणार होते, मी काय लिहिलं ते ऐकायला. त्यांचं आधीच ठरलं होतं की घरात अजून मीठ जातंय असं नर्सने लिहिलं तर जिपारने माहेरी जायचं. थोडे दिवस, असं मेदेर म्हणत होता. चार वर्षांची मुलगी मात्र इथेच राहणार होती. मुलगी ठेवून घेऊन सुनेला पाठवतात तेव्हा थोडे दिवस म्हणजे किती, हे बिश्केकमध्ये कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आणि ही आग मीच लावलेली. दुसरं कुणी नाही, मीच. तिसऱ्यांदा अपांना स्ट्रेचरवरून आणलं तेव्हा मी त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला, तो खड्डा कितीतरी वेळ भरून येईना, आणि माझं डोकंच फिरलं. बाहेर येऊन मी वॉर्डाबाहेरच्या बोळात, मेदेर आहे, कुमुश आहे, इतर पेशंटांचे नातेवाईक बाकांवर बसलेत, असं सगळं असताना जिपारला म्हणाले की तू मला फसवू शकशील, नवऱ्याला फसवशील, पण हे पाय खोटं बोलत नाहीत. जिपार म्हणाली, एजे, म्हणजे ताई, मी घालत नाही. एवढंच. मान खाली. मला ती खाली घातलेली मान म्हणजे कबुलीच वाटली. अशा मानेच्या सुना मी खूप बघितल्यात असं मी त्याच दुपारी चहाच्या सुट्टीत माझ्याबरोबरच्या नर्सला, ल्युदाला, सांगितलंसुद्धा, वर दोन बिस्किटं खाल्ली. कुमुश पडद्यांच्या दुकानात उभं राहून दिवसभर गिऱ्हाइकांशी भांडणारी बाई, तिला आणखी काय हवं होतं. माझं ते वाक्य तिने उचललं ते उचललंच. पाय खोटं बोलत नाहीत. फोनवर अख्ख्या गोतावळ्याला ऐकवून झालं. तेव्हापासून मेदेर मिनीबसची फेरी संपली की बाहेरच जेवून येतो, बायकोच्या हातचं ताटात घेत नाही.

फॉर्मवर माझा फार जीव. दोन वर्षांपूर्वी आम्हाला तीन दिवसांचं शिक्षण दिलं, तेव्हापासून 'स्वतःची काळजी' या नावाचा चार पानांचा कागद प्रत्येक पेशंटसाठी भरायचा असतो. बाकीच्या नर्सा तो सहीपुरता भरतात. मी नाही. मी खुर्ची ओढून बसते. अंघोळ स्वतः करता का. बूट कोण चढवतं. किती पायऱ्यांवर धाप लागते. झोपताना उशा किती, महिन्याभरापूर्वी किती होत्या. लघवीची गोळी घेतलीत का हे तुम्हाला आठवतं की कुणाला आठवण करावी लागते. रोज वजन करता का, लिहून ठेवता का. सूज आली तर कुणाला सांगाल. मी लोकांना घाई करत नाही, कारण म्हातारी माणसं आधी स्वतःची लाज सांभाळतात आणि मग उत्तर देतात. झूराकान अपांनी मात्र पहिल्याच दिवशी मला गार केलं. त्या जुन्या काळात शेतीसंघाच्या लोकरीच्या गोदामात वजन करायला होत्या, सव्वीस वर्षं. मी वजनाचं विचारलं तर म्हणाल्या, पोरी, वजन कसं करायचं हे तू मला शिकवणार. घरी गेल्या गेल्या मेदेरकडून काटा आणवला, भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज सकाळी आकडा. चौसष्ट किलो. चौसष्ट शंभर. पासष्ट. सहासष्ट दोनशे. चढत गेलेले आकडे, एकही खोटा नाही. माझ्या रकान्यात मी लिहिलं, पेशंटला आजार समजतो, हो. आणि मीठ. तुमच्या जेवणात मीठ असतं का, असा प्रश्न आहे. अपा म्हणाल्या, जेवणात नाही, सून अळणीच करते. खरं होतं. जिपार सगळ्या घराचं अळणी रांधायची आणि मीठदाणी तेवढी मेदेरच्या पुढ्यात ठेवायची. पुढचा प्रश्न, दिवसभरात पाणी आणि इतर पातळ पदार्थ किती. पाणी मी पीतच नाही, अपा म्हणाल्या, चहा पिते. किती वाट्या. नऊ-दहा, अर्ध्या अर्ध्या. मी मनात माप धरलं, सव्वा लिटर झालं, डॉक्टरांनी घालून दिलेल्या हद्दीत. शाबास अपा. चहा मी पाण्याच्या रकान्यात लिहिला आणि पान उलटलं.

तिथेच. त्या पान उलटण्यात. ल्युदा असती तर पान उलटलं नसतं. ल्युदाने किंवा शहरातल्या कुठल्याही नर्सने या चहाचा पहिला घोट थुंकला असता. पण अपा इथून दूरच्या मोठ्या सरोवराच्या पूर्वेच्या काठावरच्या, जिपार तिथलीच, अपांनी मुद्दाम तिकडून आणलेली, शहरातल्या पोरींना चहा जमत नाही म्हणून. आणि मीही तिथलीच. माझा नवरा इथला, त्याला आमचा चहा म्हणजे भांडी विसळलेलं पाणी वाटतं, त्यामुळे लग्नापासून माझ्या घरी साधा काळा चहा, लिंबू टाकून. आज इथे बसल्यावर मला मीठ लागलंच नाही. मला माझं गाव लागलं, चुलीसमोरची ऊब लागली, आणि मी वखवखल्यासारखी प्यायले. वॉर्डात जिपार रोज थर्मास भरून आणायची. दुखणेकऱ्याच्या उशाशी घरचा चहा नसेल तर आमच्यात त्याला पोरका म्हणतात. ती परतीच्या बसला निघाली की मी, मी स्वतः, त्या थर्मासचं झाकण उघडून अपांना ओतून द्यायचे. एकदा ल्युदाने वास घेऊन म्हटलं होतं, तुमचा हा चहा आहे की सूप. आम्ही तिघी हसलो होतो. अपा सगळ्यात जास्त हसल्या. ते हसू मला आता आठवलं आणि ते कुठे ठेवावं ते मला कळेना.

मी जिपारला विचारलं, "यात मीठ किती घालतेस?"

तिला प्रश्नच कळला नाही. "घालतात तेवढं," ती म्हणाली. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून घाबरली. "कमी झालं का, एजे?"

मी म्हटलं की कमी नाही, मला दाखव. तिने उठून डबा आणला आणि उजव्या हाताची तीन बोटं आणि अंगठा आत घालून उचललं, जसं आमच्याकडे प्रत्येक बाई उचलते, न बघता, भलतीकडे बोलता बोलता. चांगली वाकडी मूठ. मी विचारलं, दिवसातून किती किटल्या. ती बोटं मोजायला लागली. सकाळची, न्याहारीनंतरची, दुपारची, अपा उठल्यावर, मेदेर आल्यावर. पाचव्या बोटावर ती थांबली. हात तसाच अधांतरी. तिचा चेहरा पांढरा पडताना मला दिसला, कपाळापासून खाली. मग ती अगदी हळू म्हणाली, "चहाचं तुम्ही कधी विचारलं नाहीत."

नाही विचारलं. ती भांडत नव्हती, तिने नुसतं सांगितलं, आणि मला त्या बोळातले बाक आठवले, त्यावरची माणसं आठवली. मी काही तरी बोलायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं ते भलतंच. मी म्हटलं, माझी आईसुद्धा.

माझी आई. हे मी किती जणांना सांगितलंय त्याचा हिशेब नाही. नव्या पोरी वॉर्डात आल्या की मी त्यांना सांगते, शिक्षणाच्या तीन दिवसांत तर मी उभी राहून सांगितलं होतं आणि शिकवणाऱ्या बाईंनी डोळे पुसले होते. मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, आईचे पाय सुजले, इतके की नमद्याचे, दाबलेल्या लोकरीचे बूट कात्रीने चिरून घालावे लागले. गावचा फेल्डशर, म्हणजे आमचा अर्धा डॉक्टर, म्हणाला मीठ बंद. मी कॉलेज सोडून घरी आले. भावांशी भांडले, वहिनीच्या हातातून डाव काढून घेतला, आणि साडेतीन महिने आईला मिठाचा एक कण दिला नाही. एक कणसुद्धा नाही, असं म्हणताना मी नेहमी बोट वर करते. तरी ती गेली, जर्दाळू फुलायच्या आधी. पण सेवा म्हणजे काय ते मी तिथे शिकले, असं मी शेवटी म्हणते, आणि समोरच्या पोरी मान हलवतात. शेवटचे पंधरा-वीस दिवस आई काहीच खात नव्हती. नुसत्या चहावर होती. मी करायचे तो चहा. दिवसाला चार किटल्या. चुलीच्या डाव्या अंगाला लाकडी डबी होती, तिचं झाकण चिरलेलं होतं, आणि ते झाकण करंगळीने बाजूला सारून माझी तीन बोटं आणि अंगठा आत जायचे. मला आत्ता, या चौथ्या मजल्यावर, त्या झाकणाची चीर करंगळीला लागत होती. पंचवीस वर्षांत ती डबी मला एकदाही आठवली नव्हती. चिरलेले बूट आठवत होते, फेल्डशरची मोटारसायकल आठवत होती, आईची वेणी आठवत होती, आणि डबी तेवढी नाही. किती व्यवस्थित विसरले होते मी.

जिपारने माझ्यापुढे नान सरकवला. काय करावं ते न कळून माणूस पाहुण्यापुढे भाकर सरकवतो. मी उठले आणि आत गेले.

अपा जाग्याच होत्या. खोलीत औषधाचा आणि लोकरीच्या रजईचा वास, खिडकीखाली काटा, त्याच्यावर कॅलेंडर. आजचा आकडा सहासष्ट पाचशे. डिस्चार्जला त्रेसष्ट होत्या, आठ दिवस झाले होते. मी पलंगाच्या कडेला बसून त्यांची नडगी दाबली. खड्डा पडला, राहिला. त्या बोटाकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, अपा, चहात मीठ आहे. मला वाटलं, आता या तोंडावर हात घेतील, अल्लाचं नाव घेतील, सुनेला हाक मारतील. त्यांनी रजईची कडा सरळ केली.

"दोन वाट्या प्यायलीस ना," त्या म्हणाल्या. "मला वाटलंच, आज हिला कळणार."

मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. मी विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, मी काय कुक्कुलं बाळ आहे का, पोरी. मीठ नको म्हणजे मीठ नको, ते पहिल्याच दिवशी कळलं. सव्वीस वर्षं तराजूवर काढली, कशात काय पडलं की काटा कुठे जातो ते मला कुणी सांगायला नको. मी म्हटलं, मग बोलला का नाहीत. माझा आवाज चढला होता, मला तो परका वाटत होता.

"तू विचारलं नाहीस. कागद हातात धरून विचारलं असतंस तर सांगितलं असतं. कागदावर मी खोटं देत नाही. जेवणाचं विचारलंस, जेवणाचं सांगितलं." थोडा वेळ त्या श्वास घेत राहिल्या, चार शब्दांमागे एक श्वास. मग म्हणाल्या की मांस गेलं, वाळवलेल्या दह्याचं खारं कुरुत गेलं, लोणचं गेलं, जिना उतरणं गेलं. सकाळी डोळा उघडला की उठावंसं वाटायला काही तरी लागतं माणसाला. तुला सांगितलं असतं तर तू तेही नेलं असतंस.

मी म्हटलं, "आणि जिपार? तिला घराबाहेर काढतायत, अपा. पोरीपासून तोडतायत."

त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, "सुनांनी बोलणी खायचीच असतात. मी नाही खाल्ली?"

अगदी सहज. कुणी हवापाण्याचं बोलावं तसं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. सुरेख म्हातारी, पांढरा रुमाल नीट बांधलेला, गालांवर अजून लाली. वॉर्डात ही माझी लाडकी पेशंट. मी डाळिंब नेऊन दिलं होतं तिला. ही तीन महिने रोज दहा वाट्या मीठ पीत होती, रोज सकाळी काट्यावर चढून त्याचा खरा आकडा भिंतीवर लिहीत होती, आणि त्या आकड्यांवरून शेजारच्या खोलीत सुनेला बोलणी बसत होती ती ऐकत होती. तिला भिंतीतून ऐकू येत होतं. राग यायला हवा होता. आला नाही, कारण राग येण्याआधीच दुसरं काही तरी आलं आणि त्याने मला जागच्या जागी बसवलं. आई. फेल्डशर शेवटचा आला होता त्या दिवशी त्याने आईला विचारलं होतं, मीठ खात नाहीस ना. मी चुलीशी होते, पाठमोरी. आई म्हणाली, कसली खाते, माझी पोर फार कडक आहे. आणि हसली. मी वळून बघितलं तर ती वाटीच्या कडेवरून माझ्याकडे बघत होती, आणि वाटी तिने दोन्ही हातांत धरली होती. ते हसू मी पंचवीस वर्षं शाबासकी म्हणून जपलं. पोरींना सांगताना ते वाक्य मी आईच्या आवाजात म्हणून दाखवते. आईलाही ठाऊक होतं. तिच्या जिभेला काय मीठ कळत नव्हतं? माझ्या हातचा चहा तिने माझ्यासमोर बसून, माझ्याकडे बघत, संपवला. लेकीचं मन राखलं की स्वतःचा चहा राखला, की दोन्ही, की तिसरंच काही, आता कुणाला विचारू. अपांनी माझ्या मनगटाला हात लावला आणि म्हणाल्या, तू का रडतेस, मरायचं मला आहे.

एकला पाच मिनिटं कमी असताना ते दोघं आले. मेदेरने बूट काढले आणि कोणाकडेही न बघता आईच्या खोलीत येऊन भिंतीशी बसला. कुमुश आली ती बोलतच आली, थंडीवर, लिफ्टवर, मग जिपारच्या न आवरलेल्या ओट्यावर. जिपारने खाणं मांडायचं कापड, दस्तरखान, अपांच्या पलंगाशी आणून पसरला, किटली आणली. पाहुणे आल्यावर चहा न मांडून चालत नाही, तुम्हाला घराबाहेर काढायला आलेले पाहुणे असले तरी. मी तिला म्हटलं की थांब, दुसरा कर, बिनमिठाचा. ती गेली. मग मी त्या दोघांना सांगितलं. सरळ सांगितलं. मीठ चहातून जात होतं, जेवणातून नाही. जिपार खरं बोलत होती. चहाचं विचारणं माझं काम होतं, मी विचारलं नाही, वॉर्डात मी माझ्या हाताने तो चहा अपांना पाजला आहे. त्या दिवशी बोळात जे बोलले ते चूक होतं. चूक माझी आहे आणि डॉक्टरांना मी तसंच लिहून देणार आहे. एवढं बोलून झाल्यावर हलकं वाटलं. संपलं, असं वाटलं.

कुमुश विचारात पडली. फार वेळ नाही. "ते ठीक आहे, एजे," ती म्हणाली. "तुम्ही मोठ्या मनाच्या. पण घालणारा हात तर हिचाच ना?"

मेदेरने मान हलवली. नाही म्हणून नव्हे. म्हणजे माझं सगळं बोलणं त्यांनी ऐकलं आणि त्यातून फक्त तो हात उचलला. स्वयंपाकघरात किटलीचं झाकण वाजलं आणि थांबलं, जिपार ऐकत होती. कुमुश पुढे म्हणाली की आईला बिचारीला काय कळतं, पुढ्यात येईल ते पिते. मी अपांकडे बघितलं. त्या रजईच्या कडेकडे बघत होत्या. मी वाट बघितली. मला खरंच वाटलं की त्या बोलतील. एक मिनिट गेलं असेल. कुमुश म्हणाली, रविवारची गाडी बरी पडेल तिला, गर्दी नसते.

मी पिशवीतून फॉर्म काढला. चारही पानं दस्तरखानावर मांडली, पेनाचं टोपण काढलं. तिसऱ्या पानावर पाण्याच्या रकान्याखाली बोटभर कोरी जागा आहे, तिथे मी हाताने एक ओळ लिहिली आणि मोठ्याने वाचली, वॉर्डात वाचते त्याच आवाजात.

"झूराकान अपा, चहात मीठ असतं हे पेशंटला माहीत होतं का? हो किंवा नाही."

कुमुश हसली, हे काय नवीन, म्हणाली. मेदेरने पहिल्यांदा मान वर केली. अपांनी माझ्याकडे बघितलं नाही, माझ्या हाताकडे बघितलं. पेन कागदाला टेकलेलं होतं. त्यांच्या छातीतली घरघर खोलीभर ऐकू येत होती. त्यांना नाही म्हणता आलं असतं. मी ते लिहिलं असतं, खोटं आहे हे ठाऊक असून लिहिलं असतं, कारण उत्तर पेशंटचं असतं. त्यांनी दोनदा श्वास घेतला.

"लिही," त्या म्हणाल्या. "हो. पहिल्या दिवसापासून."

मी लिहिलं. नंतरचं मला तुटक आठवतं. कुमुशने "आई" एवढंच म्हटलं. मेदेर उठून खिडकीपाशी गेला, कॅलेंडरवरच्या आकड्यांसमोर उभा राहिला, आणि त्याचे खांदे हलायला लागले. अपांनी डोळे मिटले होते. मला माझ्या आईच्या उशाशी असा कागद हवा होता असं वाटलं, आणि लगेच वाटलं, कागद असता तरी विचारणार कोण होतं. मी पाठमोरी चहाच करत होते.

जिपार नवी किटली घेऊन आली. तिने सगळं ऐकलं होतं. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, ना रडू, ना हायसं वाटणं. ती आपल्या जागी बसली, गुडघा मुडपला, आणि पहिली वाटी अपांना दिली, रीतीप्रमाणे अर्धी. अपांनी एक घोट घेतला, तोंडात फिरवला आणि गिळला. मग मेदेरला अर्धी. कुमुशला अर्धी. शेवटी माझी वाटी तिने उचलली. आमच्यात पाहुण्याची वाटी अर्धीच भरतात, म्हणजे तो पुन्हा मागतो आणि घरच्या बाईला पुन्हा ओतता येतं; बसा, असा त्याचा अर्थ. जिपारने किटली तिरकी केली आणि ती सरळ केलीच नाही. चहा निळ्या नक्षीपर्यंत आला, नक्षी बुडाली, काठाला लागला, काठाच्या वर फुगून थरथरत राहिला. मग डावा हात छातीवर ठेवून, मान लववून, एक थेंब न सांडता तिने ती माझ्यापुढे धरली. काठोकाठ भरलेली वाटी, आता उठा असं ज्याला सांगायचं त्याला देतात, हे त्या खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. कुमुशने दुसरीकडे बघितलं.

मी ती दोन्ही हातांनी घेतली. गरम होती, बोटं भाजली. चव नव्हती. मी ती तळापर्यंत प्यायले, फॉर्म पिशवीत घातला आणि उठले.